पतसंस्थेचं कर्ज आधी की घर आधी? एका जिल्हा परिषद शिक्षिकेच्या पहिल्या घराचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्यातलं आहे. शिक्षकांच्या एका सहकारी पतसंस्थेच्या कर्ज उपसमितीत मी काम करतो, त्यामुळे कागद आणि आकडे समोरून पाहता आले. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि रकमा सोयीसाठी जवळच्या आकड्यात धरल्या आहेत.

पार्श्वभूमी

वैशाली मॅडम २०१९ साली पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून शिक्षण सेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावरच्या शिक्षिका, म्हणून लागल्या. तेव्हा प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला ६,००० रुपये मानधन होतं. (ते १६,००० झालं २०२३ मध्ये, मॅडमची तीन वर्षं संपल्यावर.) तीन वर्षं ६,००० वर काढायची म्हणजे उसनवारी ठरलेलीच. २०२२ मध्ये त्या नियमित झाल्या, २९,२०० च्या मूळ वेतनावर आल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं: जुनी देणी आणि दिराचं लग्न.

त्यांचे पती सुनील सर तालुक्याच्या गावी एका अंशतः अनुदानित शाळेत आहेत. हातात महिन्याला १६,००० च्या आसपास, तेही कधी दोन महिन्यांचे एकदम. दोन मुलं, भाड्याचं घर, भाडं ६,५००. मॅडमची शाळा तिथून १४ किलोमीटरवरच्या गावात.

२००५ च्या १ नोव्हेंबरपूर्वी लागलेल्या गुरुजींनी घरं कशी बांधली हे कुणालाही विचारा, उत्तर बहुधा एकच मिळतं: भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली, वर पतसंस्थेचं थोडं घेतलं. त्या तारखेनंतर लागलेल्यांना ती वाटच नाही. त्यांचा पैसा एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जातो. तिथून पहिल्या घरासाठी काढता येतं ते तीन वर्षांच्या सदस्यत्वानंतर, आणि तेही स्वतःच्या वर्गणीच्या फार तर २५ टक्के. सरकारच्या हिश्श्याला हात लावता येत नाही. मॅडमच्या बाबतीत हा आकडा तीन वर्षांनी जेमतेम ३९ हजार भरला. खोलीच्या फरशीचे पैसे म्हणा फार तर.

अडचण

जुलै २०२४ मध्ये मॅडम कर्जमागणीचा अर्ज घेऊन आल्या. ५ लाख हवे होते, तारण नको, दोन जामीनदार तयार. कारणाच्या रकान्यात ‘प्लॉट खरेदी’. जवळ साठवलेले १ लाख ७५ हजार होते, तेही त्यात घालायचे होते.

नियमात बसणारा अर्ज होता. थकबाकी नाही, कपात नियमित. एरवी अशा अर्जावर आमच्याकडे फार चर्चा होत नाही. पण पगारपत्रक समोर ठेवल्यावर वेगळंच चित्र दिसलं. एनपीएस आणि ठरलेल्या कपाती जाऊन पगार ४३,००० च्या आसपास. त्यातून आमच्याच संस्थेचा ७,५०० चा हप्ता, बाकी कर्ज २ लाख ६० हजार. आणि आणखी एक ओळ: २,००० रुपये, जामीनकीपोटी. ज्या सहकाऱ्याला त्या जामीन राहिल्या होत्या त्याची आंतरजिल्हा बदली झाली, नव्या जिल्ह्यात कपात सुरूच झाली नाही, आणि संस्थेने वसुली जामीनदारांकडे वळवली होती.

मॅडमना प्लॉट हवा होता, पण प्लॉटवर घर कधी बांधणार, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तेव्हा बँकेचं कर्ज काढू की सर. आपल्याला पगार आहे, बँक नाही म्हणत नाही.”

बँक नाही म्हणत नाही हे खरं आहे. पण किती देते? तालुक्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेचा त्या वेळचा हिशोब साधा होता: हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून जाऊ शकतात. म्हणजे २१,५००. तेव्हाच्या साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता पडत होता. कोणतंच कर्ज नसतं, तर मॅडमना २४ लाख ८० हजारांच्या जवळपास गृहकर्ज बसलं असतं. ७,५०० आणि २,००० वजा केल्यावर उरतात १२,०००, म्हणजे १३ लाख ८० हजार. त्यात आमचे नवे ५ लाख घेतले असते, तर पाच वर्षांच्या मुदतीने आणखी १०,६०० चा हप्ता वाढला असता. मग गृहकर्जासाठी उरले असते १,४००. त्यावर जेमतेम १ लाख ६० हजार मिळतात.

हा हिशोब अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडला होता. मॅडमनी तो दोनदा स्वतः करून पाहिला आणि मग ७,५०० वर बोट ठेवलं. बाकी फक्त २ लाख ६० हजार, पण तो हप्ता गृहकर्जाची ८ लाख ६४ हजारांची जागा अडवून बसला होता. पतसंस्थेचं कर्ज कमी मुदतीचं, म्हणून हप्ता मोठा. आणि बँक पाहते ती हप्त्याकडे, बाकीकडे नाही.

शिक्षकाच्या पहिल्या घराची अडचण बहुतेक वेळा इथेच असते. दरमहाचा हप्ता त्याला झेपतो. ६,५०० भाडं आणि ७,५०० हप्ता असे १४,००० या घरातून तसेही जातच होते. नसतात ते सुरुवातीला एकरकमी लागणारे पाच-सहा लाख. ते पतसंस्थेतून उभे केले की गृहकर्जच आटतं. हे संस्थेने सभासदाला सांगायला हवं, पण संस्थेच्या निवडणुकीत ‘कर्जमर्यादा वाढवून दिली’ हीच सर्वांत मोठी कामगिरी असते, तिथे हे कोण सांगणार.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय प्लॉटचाच. गावाबाहेर दीड गुंठा, साडेपाच लाख, आजूबाजूला तीन-चार शिक्षकच घेणार होते. सातबारा मागवला. एकवीस गुंठ्यांचा गट, बिगरशेती नाही, मंजूर रेखांकन नाही. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीमुळे (तुकडेबंदी) दीड गुंठ्याचा स्वतंत्र दस्त होत नव्हता, म्हणून चौदा खरेदीदारांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावायची आणि आपापसात नोटरीवर वाटणी लिहून घ्यायची, अशी योजना होती. अशा तुकड्यावर बांधकामासाठी बँक कर्ज देत नाही. चौदांपैकी एकाने उद्या वाद काढला, तर उरलेले तेरा अडकतात. सुनील सरांना हा पर्याय सोडवत नव्हता, कारण ‘जमीन ती जमीन’. ते चूक म्हणत होते असं नाही, पण त्या सातबाऱ्यात त्यांना मिळणारी वस्तू जमीन नव्हती, एक चौदांश भांडण होतं.

दुसरा, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतला फ्लॅट, २८ लाख. बिल्डरला बुकिंगचे ५ लाख आधी हवे होते, करारनामा ‘दोन महिन्यांत करू’. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे विचारल्यावर उत्तर आलं की हा प्रकल्प रेरात येतच नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतीला नोंदणीतून सूट असते, तालुक्याच्या गावातल्या अनेक छोट्या इमारती त्यात बसतात. म्हणजे ज्या खरेदीदाराला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला हा आधार नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं आणि व्याज दोन्ही.

तिसरा, सात वर्षं जुन्या इमारतीतला तयार फ्लॅट. भोगवटा प्रमाणपत्र असलेला, त्यामुळे जीएसटीचा प्रश्न नाही. असे दोन-तीन बाजारात होते, २५ ते २७ लाखांत.

चौथा, म्हाडाची सोडत. अर्ज जरूर करावा, पण त्यावर घराचं वेळापत्रक बांधता येत नाही. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

पाचवा पर्याय कुणालाच आवडत नाही: दीड वर्ष थांबायचं, आधी कर्ज फेडायचं.

ठरलं काय

उपसमितीत दोन मतं पडली. एक सदस्य म्हणाले, सभासद पात्र आहे, मागते आहे, आपण नाही म्हणणारे कोण? मुद्दा रास्त होता. म्हणून अर्ज नामंजूर केला नाही. मॅडमना एक आठवडा दिला आणि दोघांना बसवून तोच हिशोब पुन्हा दाखवला. त्यांनी अर्ज स्वतःच मागे घेतला. पुढे दर पाच-सहा महिन्यांनी कर्जाचं नवं-जुनं, म्हणजे नवं मोठं कर्ज काढून जुनं फेडणं, करण्याचा मोह झाला तर काय, हा प्रश्न सुनील सरांनीच काढला. पहिलं घर होईपर्यंत नवं-जुनं करणार नाही, असं त्यांनी एकमेकांसमोर कबूल केलं. लेखी काही नाही.

मग कामं सुरू झाली. हप्ता ७,५०० वरून १२,००० केला. सुनील सरांच्या पगारातून ८,००० ची आवर्त ठेव. ज्या महिन्यात त्यांचा पगार झाला नाही, त्या महिन्याची ठेव पुढच्या महिन्यात दंडासह भरली.

जामीनकीच्या २,००० चं काम सर्वांत चिवट निघालं. सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली सभासदाच्या संमतीपत्रावरून पगारातून कपात करता येते. पण बदलीनंतर ते पत्र नव्या जिल्ह्यातल्या पगार काढणाऱ्या कार्यालयाकडे पोहोचायला हवं, आणि ते कुणी पोहोचवलं नव्हतं. पत्र, स्मरणपत्र, मग त्या सहकाऱ्याशी बोलणं असं करून कपात तिकडे सुरू झाली. मॅडमच्या पगारपत्रकातली ओळ गेली. एकट्या त्या ओळीने २ लाख ३० हजारांची गृहकर्जाची जागा मोकळी केली.

सप्टेंबर २०२५ पर्यंत पतसंस्थेचं कर्ज १ लाख ३ हजारांवर आलं. तोवर रिझर्व्ह बँकेचा रेपो दरही ६.५० वरून ५.५० वर उतरला होता आणि बँकेचा दर पावणेआठ झाला होता. हा नशिबाचा भाग, योजनेत तो धरला नव्हता.

निर्णयाची चार वळणं

मूल्यांकनाचं वळण. फ्लॅटचा भाव २६ लाख ठरला. विसार ५१,००० दिला, पण विसार पावतीत एक वाक्य आग्रहाने घालून घेतलं: बँकेने कर्ज नाकारलं किंवा मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं, तर व्यवहार मोडण्याचा हक्क खरेदीदाराला आणि विसार पूर्ण परत. विकणारे काका नाराज झाले, पण त्यांनी सही केली. मूल्यांकन आलं साडेचोवीस लाख. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, आणि तेही किंमत व मूल्यांकन यांतल्या कमी आकड्यावर. म्हणजे २२ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यात धरत नाहीत, ती खिशातूनच. पावतीतलं ते वाक्य हातात होतं म्हणून पुन्हा बोलणी करता आली आणि सौदा २५ लाख २५ हजारांवर आला.

नावाचं वळण. खरेदीदार फक्त महिला असेल, तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. इथे ती २५,२५० रुपयांची होती. विकायचं झाल्यास १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, ही जुनी अट २०२३ मध्ये निघाली. तरी घरात कुरबूर झालीच. सासूबाई म्हणाल्या, “आणि माझ्या लेकाचं काय?” सुनील सरांनी उत्तर दिलं, “आई, हप्ता कुणाच्या पगारातून जाणार ते सांग.” दस्त मॅडमच्या नावावर झाला, सर कर्जात सहकर्जदार राहिले. फार घरांत हा संवाद इतका सोपा होत नाही आणि २५ हजारांसाठी घरात तेढ आणावी असं मी कुणाला सांगणारही नाही.

अनुदानाचं वळण. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंत किमतीचं घर आणि २५ लाखांपर्यंत कर्ज असेल, तर व्याज अनुदान आहे, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत. दोघांचं उत्पन्न मिळून त्यात बसत होतं. पण अट अशी की पती, पत्नी किंवा अविवाहित मुलांच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नको. गावच्या घराचा नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा उतारा काढला. वडील गेल्यावर वारसनोंदीत सुनील सरांचं नाव भावासोबत लागलेलं. एका एजंटने सुचवलं, “प्रतिज्ञापत्र द्या, कोण बघतंय?” दुसऱ्याने सुचवलं, भावाला हक्कसोड करून द्या. पहिलं त्यांनी धुडकावलं. दुसरं कायदेशीर होतं, पण वडिलांच्या घरातलं नाव अनुदानासाठी काढायला सरांचं मन होईना. अनुदान सोडलं. मुळात ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतं, सुरुवातीच्या रकमेला त्याचा काडीचा उपयोग नसतो. हिशोबात ते धरलंच नव्हतं, म्हणून ते गेल्याने काही कोसळलं नाही.

सोन्याचं वळण. रक्कम अशी लागणार होती: घराच्या किमतीतला स्वतःचा हिस्सा ३ लाख २५ हजार, मुद्रांक शुल्क १ लाख २६ हजार, नोंदणी २५ हजार, वकिलाचा सर्च रिपोर्ट, बँकेचं शुल्क आणि किरकोळ धरून ४५ हजार, शिवाय पतसंस्थेची बाकी १ लाख ३ हजार. एकूण ६ लाख २४ हजार. जवळ होते जुन्या बचतीचे व्याजासह १ लाख ८५ हजार आणि आवर्त ठेवीचे सव्वा लाख. मॅडमनी बांगड्या मोडल्या, २ लाख ४० हजार आले. सोनं तारण ठेवून कर्ज घ्यावं का, यावर बराच खल झाला. पण फेडीचा आणखी एक बोजा नको म्हणून मोडच ठरली. उरलेले ७५ हजार नणंदेने बिनव्याजी दिले.

क्रम मात्र काटेकोर ठेवला: आधी बांगड्या, मग पतसंस्थेचा बेबाकी दाखला (काही देणं बाकी नसल्याचा), मग बँकेत अर्ज. दाखला जोडल्याशिवाय अर्ज गेला असता, तर मंजुरी कमी रकमेची आली असती आणि ती वाढवून घेणं हे वेगळं झेंगट.

निष्पत्ती

नोव्हेंबर २०२५ मध्ये दस्त झाला. कर्ज २२ लाख, २० वर्षं, हप्ता १८,०६० च्या आसपास. आधीच्या १४,००० पेक्षा चार हजार जास्त. एनपीएसचे ३९ हजार दस्तानंतर हातात आले, ते सरळ नणंदेकडे गेले.

बँकेने हप्त्याची तारीख ५ दिली होती. मॅडमनी पगाराच्या मागच्या वर्षभराच्या नोंदी दाखवल्या, पाच तारखेपर्यंत पगार जमा झालेले महिने बोटांवर मोजण्याइतके होते. तारीख १५ करून घेतली आणि एका हप्त्याइतकी रक्कम खात्यात कायम पडून ठेवायची असं ठरवलं. पगार लांबला म्हणून हप्ता परत जाणं ही शिक्षकांच्या कर्जखात्यातली फार नेहमीची गोष्ट आहे, आणि दंड खातेदारालाच बसतो.

गृहकर्जामुळे आयकर वाचतो, हे विकणाऱ्याच्या दलालाने तीनदा सांगितलं होतं. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तसाही कर लागत नाही, त्यामुळे मॅडमच्या बाबतीत वाचायला काहीच नव्हतं.

बदलीचं काय, हा प्रश्न आहेच. ऑनलाइन बदल्यांत मॅडम उद्या तालुक्याबाहेर जाऊ शकतात. पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद ३० किलोमीटरच्या अंतराशी बांधलेली आहे, तिचा फायदा दर वेळी मिळेलच असं नाही. म्हणून घर निवडताना सरांची शाळा धरली, कारण त्यांची बदली होत नाही. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याच्या अटीमुळे घरभाडे भत्ता कधी अडला, तरी हप्ता निघावा असा हिशोब ठेवला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

खरी संधी २०२२ मध्ये होती. मानधनावरून नियमित वेतनावर येताना पगार एका महिन्यात कितीतरी पटीने वाढतो, आणि घरखर्च अजून जुन्याच बेताचा असतो. त्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला दहा हजारांची ठेव झाली असती, तर बांगड्या हातात राहिल्या असत्या. पण तीन वर्षं तंगीत काढलेल्या माणसाला त्याच वेळी ‘थांब’ म्हणणं किती अवघड असतं, तेही समजतं. दिराचं लग्न काही थांबणार नव्हतं.

मूल्यांकन विसाराआधी करून घेता आलं असतं. मान्यताप्राप्त मूल्यांककाला स्वतः फी देऊन बोलावता येतं, आणि विकणाऱ्या काकांशी नंतर आलेला कडवटपणा टळला असता. सर्च रिपोर्टही तेव्हाच हाती आला असता.

संस्थेच्या बाजूने दोन गोष्टी करण्यासारख्या होत्या. बदलून गेलेल्या कर्जदाराचं कपातीचं पत्र नव्या कार्यालयात पोहोचलं का, हे पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर असायला हवी. ती आता एका लिपिकाकडे दिली आहे. दुसरी म्हणजे, कर्जमागणीच्या अर्जावर एक रकाना: या हप्त्यामुळे तुमची गृहकर्जाची पात्रता अंदाजे इतक्याने कमी होईल. त्याच्या जोडीला पहिल्या घरासाठी वेगळी आवर्त ठेव, आणि ती तीन वर्षं चालवणाऱ्याला दस्ताच्या वेळी मुद्रांक शुल्कापुरती अल्प मुदतीची रक्कम, बँकेला आधी कळवून. रकान्याला संचालक मंडळाने होकार दिला. ठेवीचा प्रस्ताव वार्षिक सभेत आला, तेव्हा पहिला प्रश्न ‘मग कर्जमर्यादा कधी वाढवणार?’ असा आला आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

दीड गुंठ्याच्या त्या व्यवहारात मॅडमची जागा दुसऱ्या एका सहकाऱ्याने घेतली. त्यांनी पैसे आमच्याच संस्थेतून काढले आणि तो अर्ज मंजूर करणाऱ्यांत मीही होतो, कारण हिशोब ऐकल्यावरही त्यांना प्लॉटच हवा होता.